राणीची बाग: जोडलेला हत्ती, हद्दपार घोडा आणि कोरियाचे पेंग्विन

आंबेनळी घाटातली झाडे कोणी लावली, हा प्रश्न आमच्याकडे कोणाला पडत नाही. पोलादपूर सोडले, कापडे मागे पडले की ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, सावर, पांगारा सुरू होतात. कुंभरोशीच्या वर गेले की अंजनी. ती आहेत म्हणून आहेत. पावसाळ्यात त्यातली दोन-चार दरडीबरोबर रस्त्यावर येतात, एसटी अडते, जेसीबी येतो, आणि पुढच्या वर्षी तिथे पुन्हा काहीतरी उगवलेले असते.

पण पोलादपूर-महाडकडच्या घराघरातून माणसे मुंबईला गेली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी पोलिसांत. त्यांच्याकडे मे महिन्यात राहायला गेलेल्या पोरांना दाखवायच्या ठिकाणांची यादी ठरलेली असे: चौपाटी, म्हातारीचा बूट आणि राणीची बाग. पोर गावी परत आले की पहिला प्रश्न, “वाघ बघितलास काय?” झाडे बघितलीस काय, असे कोणी विचारले नाही. झाडांचे कौतुक घाटातल्या माणसाला कशाला?

गंमत अशी की राणीची बाग मुळात झाडांचीच. वाघ-सिंह मागाहून आले, पेंग्विन तर परवा. आणि या बागेचे धागेदोरे सोडवायला घेतले तर एक टोक आंबेनळीच्या माथ्यावर निघते आणि दुसरे रायगडच्या पायथ्याशी.

घाटमाथ्याचा गव्हर्नर

आंबेनळी चढून गेल्यावर जे महाबळेश्वर लागते, तिथल्या बाजारपेठेच्या भागाचे जुने नाव माल्कम पेठ. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८-२९ च्या सुमारास ते थंड हवेचे ठाणे वसवले. त्याच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षात, १८३० मध्ये, मुंबईत ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ नावाची संस्था निघाली. शेती आणि बागाईत यांचे प्रयोग करायचे, परदेशी रोपे आणून इथे रुजतात का पाहायचे, हा तिचा उद्योग. राणीच्या बागेची आई ती हीच.

रोपे रुजवण्याचा उद्योग घाटमाथ्यावरही चालला होता, फक्त तिथले माळी वेगळे होते. महाबळेश्वरात १८३४ पासून १८६४ पर्यंत एक तुरुंग होता आणि त्यात बरेचसे कैदी चिनी आणि मलायी होते. त्यांनी तिथे भाजीपाल्याचे मळे फुलवले. इंग्रजी बटाटा आणि स्ट्रॉबेरी महाबळेश्वरात रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. ‘चायनामन्स फॉल’ हे तिथल्या धबधब्याचे नाव त्यांचीच खूण. आज मॅप्रोपुढे रांग लावून स्ट्रॉबेरी-क्रीम खाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

आधी बाग, मग कबरी

सोसायटीची पहिली बाग भायखळ्याला नव्हती, शिवडीला होती. शहर वाढत होते आणि युरोपियनांच्या दफनभूमीला जागा हवी होती. बागेची जमीन त्या कामी गेली. शिवडीची ती दफनभूमी १८६५ पासूनची आणि अजून आहे. तिथल्या काही जुन्या झाडांखालून चालताना आपण एका मोडलेल्या बागेतून चालतो आहोत, हे लक्षात असू द्यावे.

बागेला माझगावच्या माऊंट इस्टेटमध्ये नवी जागा मिळाली. १९ नोव्हेंबर १८६२ या दिवशी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ लोकांसाठी खुली झाली. त्यांचे यजमान सर बार्टल फ्रिअर त्याच वर्षी गव्हर्नर झाले होते. हेही घाटमाथ्याला परके नव्हेत. साताऱ्याला रेसिडेंट म्हणून त्यांची आधी नोकरी झालेली, आणि महाबळेश्वरचा फ्रिअर हॉल १८६४ चा. बागेत लेडी फ्रिअर यांच्या नावाने ग्रीक-रोमन थाटाचे, खांबांवर उभे छोटेसे मंदिर आहे. देव नसलेले मंदिर पाहून पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास चप्पल काढू की नको, या विचारात पडतो.

सोसायटीचे पैसे पुढे आटले आणि १८७३ मध्ये बाग मुंबई नगरपालिकेकडे आली. तेव्हापासून आजतागायत ती पालिकेचीच.

वाघाच्या आधी वीस-तीस वर्षे

आता खरा मुद्दा. बाग उघडली १८६२ मध्ये. प्राणिसंग्रहालयासाठी सुमारे १५ एकरांची वाढीव जागा जोडली गेली ती १८९० मध्ये. म्हणजे जवळजवळ तीन दशके माणसे इथे झाडे, फुले आणि एकमेकांना बघायलाच येत होती, आणि त्यात त्यांना काही कमी पडत नव्हते.

आज सगळी मिळून पन्नास एकरांच्या आसपास जमीन आणि तीन हजारांहून जास्त झाडे. भायखळ्यासारख्या ठिकाणी, जिथे फूटभर जागेवरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. उंच झाडांवर वटवाघळे उलटी टांगलेली असतात. खाली पिंजऱ्यातला प्राणी बघायला गर्दी, आणि वर तिकीट न काढता राहणारे हे भाडेकरू कोणी मान वर करून बघत नाही.

झाडांची परदेशी पाहुणेमंडळी

घाटातल्या माणसाने इथे मुद्दाम बघावीत अशी चार झाडे सांगतो.

पहिले गोरखचिंच. आफ्रिकेतले. बुंधा असा की चार माणसांनी हात धरले तरी कवेत येणार नाही. तो नुसता जाड नसतो; कोरड्या दिवसांसाठी त्यात पाणी साठवलेले असते. पांढरी मोठी फुले संध्याकाळनंतर उमलतात आणि त्यांचे परागीभवन करतात वटवाघळे. वर टांगलेले भाडेकरू फुकट राहत नाहीत तर. ही झाडे अरब आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या मागोमाग आपल्या किनाऱ्यावर पसरली असे मानतात. कोकणातल्या जुन्या बंदरांजवळ आणि किल्ल्यांजवळ ती अजून दिसतात.

दुसरी उर्वशी. ब्रह्मदेशातली. नॅथॅनिएल वॉलिच नावाच्या कलकत्त्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती १८२० च्या दशकात तिथल्या एका बौद्ध मठाच्या आवारात दिसली. जवळच्या गुहेतल्या बुद्धमूर्तींपुढे तिची फुले वाहिलेली होती. लाल-पिवळ्या फुलांचे लांब झुंबर खाली लोंबते. जगातल्या सर्वांत देखण्या फुलझाडांत तिची गणना होते, पण नखरा असा की कुठेही रुजत नाही आणि बी तर क्वचितच धरते. मुंबईची दमट हवा तिला मानवली, हे आपले नशीब.

तिसरा कैलासपती. याच्याजवळ जरा थांबा. फुले फांदीच्या टोकाला येत नाहीत. थेट बुंध्यातून, जमिनीपासून हातभर उंचीवरूनही फुटलेल्या वेड्यावाकड्या दांड्यांवर येतात. एक फूल खाली पडलेले मिळतेच, ते उचलून बघा. सहा मांसल, लालसर गुलाबी पाकळ्या. मधोमध पुंकेसरांची गोल चकती, आणि त्या चकतीच्या एका कडेतून निघून वर वाकलेला फणा, खालच्या बाजूने पिवळसर गुलाबी तंतूंनी भरलेला. फण्याखाली पिंडी. माणसाने त्याला महादेवाचे नाव का दिले, हे समजावून सांगावे लागत नाही. वास गोड आणि भारी. झाड मात्र दक्षिण अमेरिकेचे; त्याच्या मूळ देशात महादेवाचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. फळ तपकिरी, टणक, तोफेच्या गोळ्याएवढे. ते पडून फुटले की जो दर्प सुटतो, त्यानंतर फुलाच्या वासाचे सगळे कौतुक माणूस मागे घेतो. झाडाखाली बसून डबा खायचा बेत असेल तर आधी वर बघा.

चौथे झाड कोलव्हिलिया. मादागास्करचे, नारिंगी फुलांचे भरगच्च घोस धरणारे. याला शोधून काढणारा वेन्झेल बोयेर हाच आपल्या लाडक्या गुलमोहराचाही शोधकर्ता. तोही मादागास्करचा. मे महिन्यात महामार्गावर महाडच्या आसपास पेटलेला गुलमोहर आपण अगदी गावचा समजतो; दोनशे वर्षांपूर्वी तो आपल्याकडे कोणाला माहीतही नव्हता. चुलत भाऊ कोलव्हिलियाला मात्र एवढी लोकप्रियता लाभली नाही. मुंबईत तो बघायचा तर पाय भायखळ्याकडेच वळवावे लागतात.

आले अंगावर, घेतले बागेत

राणीच्या बागेचा एक स्वभाव आहे. शहराला जे नको झाले, ते इथे येऊन पडले.

सुरुवात हत्तीपासून. घारापुरीच्या बेटावर धक्क्याजवळ एक प्रचंड दगडी हत्ती होता. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोके गळून पडले. पुढे तो इंग्लंडला न्यायचा बेत झाला, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले, असे सांगतात. १८६४ मध्ये ते तुकडे भायखळ्याच्या बागेत आणले आणि ते तसेच पन्नास वर्षे राहिले. १९१४ मध्ये कॅडेल आणि हेवेट या दोघांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. आज तो बागेच्या आवारातल्या वस्तुसंग्रहालयाबाहेर उभा आहे. जवळ गेलात तर अंगभर सांधे दिसतात. ज्या हत्तीने बेटाला नाव दिले तो बेटावर नाही, आणि रोज बोटी भरभरून एलिफंटाला जाणाऱ्या पर्यटकांना तिथे हत्ती काही सापडत नाही. तो भायखळ्याला आहे. लोकलने जा, स्वस्त पडेल.

मग घोडा. मुंबईच्या ज्या भागाला आपण काळा घोडा म्हणतो तिथे काळा घोडा १९६५ पासून नाही. इंग्लंडचा युवराज, पुढे सातवा एडवर्ड, त्याचा हा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोएम. बसवला १८७९ मध्ये. स्वातंत्र्यानंतर साहेबांचे पुतळे रस्त्यावर कशाला, म्हणून १९६५ मध्ये त्याची रवानगी राणीच्या बागेत झाली. घोडा गेला, पण नाव जागेवरच राहिले. बावन्न वर्षांनी, २०१७ मध्ये, लोकांनी तिथे नवा काळा घोडा बसवला. यावेळी पाठीवर कोणी नाही. हा निर्णय मला फार आवडतो. एवढ्या भांडणात घोड्याचा काय दोष होता?

आणि राणी. व्हिक्टोरियाचा संगमरवरी बैठा पुतळा मॅथ्यू नोबलने घडवलेला, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला. मूळचा फोर्ट भागात छत्राखाली थाटात बसलेला. १८९६ मध्ये त्याला एका रात्री कोणी डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. मुंबई हादरली, पोलिसांना माणूस सापडेना. पुढच्या वर्षी पुण्यात रँडचा वध झाला आणि दामोदर हरी चापेकरांनी दिलेल्या जबानीत डांबराचीही कबुली आली. राणीही अखेर इथेच, संग्रहालयाच्या मागच्या अंगणात इतर साहेबांच्या सोबतीला आली. स्वतःच्या नावाच्या बागेत राणी पोचली तेव्हा तिची अवस्था बघण्यासारखी राहिली नव्हती.

खिडकीतून फेकलेले संग्रहालय

बागेच्या आवारातले संग्रहालय हे मुंबईतले सर्वांत जुने. वस्तू जमवायला सुरुवात झाली ती युरोपातल्या प्रदर्शनांना इथला माल पाठवताना. त्या फोर्टातल्या बराकीत ठेवल्या होत्या. १८५७ चा उठाव झाला, सैनिकांना जागा हवी झाली आणि संग्रह अक्षरशः खिडकीतून बाहेर फेकला गेला. जॉर्ज बर्डवुड या डॉक्टरने जे वाचले ते वाचवले. तेव्हा बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी नव्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करायचे मनावर घेतले.

पायाभरणी १८६२ ची. मुंबईत तेव्हा पैशांचा पूर होता, कारण अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस हवा होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, शेअर बुडाले, शेठ रस्त्यावर आले आणि बांधकाम रखडले. सरकारने पदरचे पैसे घातले तेव्हा २ मे १८७२ रोजी दारे उघडली. अर्धवट इमारतीपुढे दहा वर्षे तोच फलक, हे दृश्य काही आजचे नाही!

१९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाडांचे नाव मिळाले. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. डॉक्टर, शिलालेख वाचणारे पंडित आणि कुष्ठरोगावर औषध शोधणारे. एवढे सगळे एका माणसाने करायचे म्हणजे त्या काळी मोबाइल नव्हता, हेच कारण असणार. इमारतीची जुनी सोनेरी नक्षी पुन्हा झळाळून काढली, त्याबद्दल २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला पहिल्या प्रतीचा पुरस्कार मिळाला. आत तेव्हाच्या मुंबईच्या जातिजमाती, पगड्या, धंदे यांची मातीची छोटी छोटी चित्रे आहेत. पोरे कंटाळली तर त्यांना पगड्या मोजायला लावा.

बाहेर फाटकाशी घड्याळाचा मनोरा दिसतो तो डेव्हिड ससूनच्या नावाचा. बगदादहून १८३२ मध्ये मुंबईला आलेला ज्यू व्यापारी. मुलगा काळा घोडा देतो, बापाच्या नावाचा मनोरा. मुंबईत ससूनांना टाळून कोणत्याही गल्लीचा इतिहास लिहिता येत नाही.

पेंग्विनला बर्फ लागत नाही

२०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हंबोल्ट पेंग्विन राणीच्या बागेत आले. त्यातला एक त्याच वर्षी ऑक्टोबरात दगावला. मार्च २०१७ मध्ये लोकांसाठी त्यांचे दालन उघडले आणि पहिल्या दिवसापासून रेटारेटी. मोठ्यांचे प्रवेश तिकीट पूर्वी ५ रुपये होते, ते ५० झाले. आईवडील आणि दोन मुले असा चौघांचा कुटुंबकबिला असेल तर १०० रुपयांत काम भागते. भाववाढीवर आरडाओरड झाली, पण गर्दी काही हटली नाही.

हंबोल्ट पेंग्विन दक्षिण ध्रुवावरचे नव्हेत. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, तिथल्या थंड सागरी प्रवाहाच्या काठचे. वास्तव्याला त्यांना बर्फ लागत नाही, १६ ते १८ अंशांच्या आसपासची हवा पुरते. भायखळ्यात ती वातानुकूलन यंत्रांनी करावी लागते. जानेवारीत पहाटे वेण्णा तलावाकाठी दवाचे थेंब गोठतात. तेव्हा थंडीच्या दृष्टीने पेंग्विनना आंबेनळी चढवून महाबळेश्वरला न्यायला हरकत नाही. जुलैत मात्र पंचाईत. तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. मुंबईच्या दुपटीहून जास्त. घाट बंद झाला तर त्यांची मासळी कुठून पोचवणार?

१५ ऑगस्ट २०१८ ला फ्लिपर आणि मोल्ट या जोडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर आले. भारतात जन्मलेला पहिला पेंग्विन म्हणून पेपरांनी डोक्यावर घेतले. बिचारे आठवडाभरच जगले. पुढे मात्र पिल्ले टिकली आणि कुटुंब वाढले. त्यांची नावे ओरिओ वगैरे धाटणीची. २०२५ मध्ये तर मुंबईत जन्मलेल्या पेंग्विनांना मराठी नावे द्या म्हणून बागेच्या फाटकावर आंदोलन झाले. आमच्या गावी बैलांची नावे ठेवताना जेवढा विचार होतो तेवढा इथे झाला असता तर ही वेळ आली नसती.

वाघही पाहुणेच. शक्ती आणि करिश्मा ही जोडी २०२० मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून आली. त्याआधी काही वर्षे बागेत वाघच नव्हता. म्हणजे “वाघ बघितलास काय?” याला कित्येक पोरांनी थाप मारली असणार.

झाडांसाठी भांडलेल्या बायका

२००७ मध्ये बागेचा पार कायापालट करून तिला आंतरराष्ट्रीय थाटाचे प्राणिसंग्रहालय करायचा शेकडो कोटींचा आराखडा पुढे आला. प्राण्यांच्या नव्या दालनांपायी झाडांवर कुऱ्हाड येणार, हे सकाळी फिरायला येणाऱ्या काही वनस्पतिप्रेमी महिलांच्या ध्यानात आले. त्यांनी ‘सेव्ह राणीबाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशन’ उभे केले, एकेक झाड मोजले, नोंदवले, वारसा समितीकडे खेटे घातले. आराखडा बराच आखडला. बागेला दीडशे वर्षे झाली तेव्हा त्याच मंडळींनी तिच्या झाडांवर पुस्तकही काढले. एरवी मोर्चा म्हटला की घोषणा आल्या. इथे हत्यार होते झाडांची यादी. असली हत्यारे जास्त चालतात, असे माझे मत.

दरवर्षी थंडीच्या अखेरीस पालिका इथे फुलाफळांचे, भाज्यांचे प्रदर्शन भरवते. फुलांचे डॉल्फिन, फुलांची रेल्वे, त्यापुढे सेल्फी. गर्दी दांडगी. त्याच गर्दीत कुंडीतला हातभर दुधी बघून कोकणातल्या आज्या नाक मुरडताना दिसतात. आमच्या परसात याहून मोठा होतो, हे ऐकून घ्यायची तयारी ठेवून जावे.

नाव पाचाडच्या आईचे

व्हिक्टोरिया राणीचे नाव गेले आणि बाग झाली वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तोंडात अजून राणीची बागच आहे, पण फलकावरचे नाव महाड-पोलादपूरच्या माणसाने जरा थांबून वाचावे. जिजाऊंचा शेवट आपल्या महाड तालुक्यात झाला. रायगडावरची हवा त्यांना मानवेना, म्हणून महाराजांनी पायथ्याशी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला. ६ जून १६७४ ला लेकाचा राज्याभिषेक त्यांनी पाहिला आणि १७ जूनला पाचाडात देह ठेवला. समाधी तिथेच आहे. रायगडाला दोरीवाटेने, म्हणजे रोपवेने, चढायच्या घाईत बहुतेक गाड्या समाधीच्या फाट्यावरून सरळ निघून जातात.

बागेबाहेरच्या मोठ्या रस्त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी घेऊन त्यांनी जो लढा पेटवला, तो सांगायला इथे जागा कमी पडेल. त्याच डिसेंबरात ते दुसऱ्या परिषदेला आले ते मुंबईहून बोटीने, सावित्री नदीवरच्या दासगाव बंदरात उतरून. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, आंबेनळीच्या माथ्यावर, आणि बाणकोटला समुद्राला मिळते. बोटीच्या काळात आमच्याकडची माणसे भाऊच्या धक्क्याला उतरत, आणि तिथून भायखळा पायी जाण्याजोगे. फाटकावर जिजाऊ, रस्त्यावर बाबासाहेब. महाडकराला राणीच्या बागेत पत्ता विचारायची गरज पडू नये.

जाणार असाल तर

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरा. हे स्टेशनही १८५३ च्या पहिल्या रेल्वेइतकेच जुने, त्याच्या डागडुजीलाही युनेस्कोचा पुरस्कार मिळालेला. तिथून बाग दहा मिनिटांवर. पेंग्विनांची रांग सकाळी लवकर उरकून घ्या. संग्रहालयाचे तिकीट वेगळे असते. हत्ती संग्रहालयाबाहेर, राणी मागच्या अंगणात, आणि झाडे सगळीकडे. त्यांच्यावरच्या पाट्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुलांना कैलासपतीचे पडलेले फूल दाखवा, फळाला हात लावू देऊ नका.

बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद.